नव्याने शिकलेल्या प्रोग्रामिंग भाषेची रचना कशी पारखावी? ‘गो’च्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी एखादी प्रोग्रामिंग भाषा काही वर्षे वापरली आहे आणि आता दुसरी शिकून तिच्याविषयी मत बनवू पाहत आहेत, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. उदाहरणासाठी सर्वत्र गो ही भाषा घेतली आहे. मी बरीच वर्षे पायथन वापरल्यानंतर ती शिकलो, आणि तिच्याविषयीचे माझे पहिले मत बहुतांशी चुकीचे निघाले.

भाषेची रचना पारखायची, म्हणजे नेमके काय पारखायचे?

आधी तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात, कारण बोलताना आपण तिन्हींना ‘भाषा’च म्हणतो. एक, भाषेचे लिखित नियम. दुसरी, ते नियम राबवणारा कंपायलर किंवा इंटरप्रिटर. आणि तिसरी, वर्षानुवर्षे तिच्याभोवती जमलेल्या लायब्ररी. ‘पायथन हळू चालते’ ही तक्रार बरीचशी दुसऱ्या गोष्टीविषयी असते. तोच प्रोग्राम सीपायथन या नेहमीच्या इंटरप्रिटरऐवजी पायपाय या दुसऱ्यावर चालवला तर तो पुष्कळदा कितीतरी वेगाने चालतो, आणि त्यासाठी भाषेचा एकही नियम बदललेला नसतो. ‘पायथनमध्ये सगळे तयार मिळते’ ही स्तुती तिसऱ्या गोष्टीची आहे. रचनेचा विचार करताना नजर पहिल्या गोष्टीवर ठेवावी.

अर्थात सीमारेषा दर वेळी इतकी स्वच्छ नसते. गोचा कंपायलर झटपट काम करतो, यात नियमांचाही वाटा आहे. न वापरलेले पॅकेज, म्हणजे कोडचा वेगळा बांधलेला गठ्ठा, आयात केले तर ती चूक धरली जाते आणि पॅकेजेसनी एकमेकांना चक्राकार आयात करण्यास मनाई आहे, त्यामुळे कंपायलरला तेच ते पुन्हा वाचत बसावे लागत नाही. हा वेग भाषेच्या जमेला धरायला हरकत नाही.

पहिल्या आठवड्यात बनलेले मत कितपत धरावे?

ते लिहून ठेवावे, पण त्यावर निकाल देऊ नये. सुरुवातीला जे खटकते त्यातले बहुतेक आपल्या सवयीला खटकत असते. सी किंवा जावा लिहिणाऱ्याला गोमध्ये व्हेरिएबलचे नाव आधी आणि टाइप, म्हणजे त्यात कोणत्या प्रकारचे मूल्य राहील ते, नंतर येतो हे उलटे वाटते. पास्कलच्या घराण्यातील भाषा शिकलेल्याला तेच सरळ वाटते. माझ्या वहीत पहिल्या आठवड्याच्या पानभर तक्रारी होत्या. तीन महिन्यांनी ते पान उघडले तेव्हा त्यातल्या चारच खऱ्या वाटल्या, आणि ज्या गोष्टीने मला पुढे सर्वांत जास्त छळले तिचा त्या पानावर उल्लेखही नव्हता.

ती गोष्ट म्हणजे व्हेरिएबल जाहीर करण्याचे छोटे चिन्ह, विसर्गासारखे दोन ठिपके आणि बरोबर. पहिल्या दिवशी ते अतिशय सुटसुटीत वाटते. परंतु इफच्या आतल्या ब्लॉकमध्ये ते वापरले की त्याच नावाचे नवे व्हेरिएबल तयार होते, बाहेरचे तसेच राहते, आणि आत नोंदलेली चूक ब्लॉक संपताच नाहीशी होते. कंपायलरला यात काहीच वावगे दिसत नाही. एखादी तक्रार सवयीची की रचनेची, हे ठरवण्यासाठी मी स्वतःला एवढेच विचारतो: ज्याची ही पहिलीच भाषा आहे असा माणूसही इथे ठेचकाळेल का? टाइपच्या जागेवर तो ठेचकाळणार नाही, पण या चिन्हावर नक्कीच ठेचकाळेल.

भाषा कोणत्या कामासाठी घडवली गेली, हे जाणून घेणे आवश्यक आहे का?

आवश्यक आहे, कारण त्याशिवाय आपण बैलगाडीला रेल्वेच्या मापाने मोजत बसतो. गोची आखणी गूगलमध्ये सप्टेंबर २००७ मध्ये रॉबर्ट ग्रीसेमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन यांनी सुरू केली, नोव्हेंबर २००९ मध्ये ती जाहीर झाली आणि पहिली स्थिर आवृत्ती मार्च २०१२ मध्ये आली. सी++ मधील प्रचंड प्रोग्राम कंपाइल होण्याची वाट पाहत बसणे, एकाच कोडवर काम करणारी शेकडो माणसे, त्यातली सतत येणारी-जाणारी नवी मंडळी आणि एकाच वेळी हजारो विनंत्या हाताळणारे सर्व्हर, हे त्यांच्यापुढचे दुखणे होते. समांतर चालणाऱ्या गो-रूटीन आणि त्यांना जोडणारे चॅनल यांची कल्पना संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या विचारातून आलेली आहे.

घरी बसून तीस ओळींची स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला गो रुक्ष वाटली, तर ती त्याच्यासाठी घडवलेलीच नव्हती हे त्याने लक्षात घ्यावे. पण हेतू कळला म्हणून दोष माफ होत नाहीत. ज्या कामासाठी भाषा केली, त्याच कामात ती अडखळत असेल, तर दोष अधिक गंभीर धरावा लागतो.

भाषा लहान असली म्हणजे ती साधी असते का?

लहानपण मोजता येते; साधेपण वापरल्यावर कळते. गोमध्ये अवघे २५ कीवर्ड, म्हणजे भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेले शब्द, आहेत, पायथनमध्ये ३५ आणि सी++ मध्ये ऐंशीहून अधिक. एवढ्यावरून गो सर्वांत साधी ठरवणे म्हणजे पाककृतीतील जिन्नस मोजून चव सांगण्यासारखे आहे.

साधेपण पाहायचे तर एकच कल्पना भाषेत निरनिराळ्या ठिकाणी सारखीच वागते का, ते पाहावे. गोमधील ‘निल’ घ्या, म्हणजे ‘इथे अजून काही नाही’ अशी खूण. स्लाइस, म्हणजे लांबी वाढू शकणारी यादी, निल असली तरी तिच्यात बिनदिक्कत भर घालता येते. मॅप, म्हणजे किल्लीवरून मूल्य शोधण्याचा तक्ता, निल असेल तर त्यातून वाचता येते, पण त्यात लिहायला जाताच प्रोग्राम कोसळतो. चॅनल निल असेल तर तो कोसळतही नाही. पाठवणारी किंवा घेणारी गो-रूटीन तिथेच कायमची थांबून राहते. शब्द एक आणि स्वभाव तीन. प्रत्येकामागे काही कारण देता येते, आणि ती कारणे मला पटतातही, परंतु कारण समजावून सांगावे लागते याचा अर्थ नियमावरून वर्तनाचा अंदाज बांधता येत नाही. साध्या भाषेत असा अंदाज बांधता यायला हवा.

याउलट स्विच, म्हणजे अनेक पर्यायांतून (केसमधून) एक निवडण्याची रचना, पाहा. सीमध्ये एक केस संपली की ब्रेक लिहिल्याखेरीज अंमल पुढच्या केसमध्ये घसरतो, आणि ब्रेक विसरल्याने झालेल्या चुका कितीतरी असतील. गोने हा नियम उलटा केला: घसरायचे असेल तर तसे स्वतंत्र कीवर्डाने सांगावे लागते. नेहमीचे काम न सांगता होते आणि अपवादात्मक काम उघडपणे लिहावे लागते. लहान भाषेत साधेपण आणणे यालाच म्हणतात.

दोन सोयी एकत्र आल्यावर घोडे कुठे पेंड खाते, ते कसे शोधावे?

माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे. एकेकटी सोय प्रत्येक भाषेत छान दिसते, कारण शिकवणीतील उदाहरणे एकेकट्या सोयीची असतात. रचनेतील दोष दोन सोयींच्या सांध्यावर दडलेले असतात. म्हणून नवी भाषा शिकताना मी वहीत सोयींची नावे उभी-आडवी लिहून चौकटी पाडतो आणि एकेका चौकटीसाठी पाच-दहा ओळींचा प्रोग्राम लिहून पाहतो. कंटाळवाणे काम आहे, पण दोन रविवारांत भाषेचे अंतरंग जितके कळते तितके मोठ्या प्रकल्पातही कळत नाही.

स्लाइस आणि अपेंड, म्हणजे तिच्यात भर घालणारे फंक्शन, यांचा सांधा घ्या. लांबी ३ आणि क्षमता, म्हणजे राखून ठेवलेल्या जागा, ४ असलेली एक स्लाइस करावी. तिच्यात १० हा आकडा जोडून येणाऱ्या स्लाइसला ‘ख’ म्हणावे, आणि मूळ स्लाइसमध्येच २० जोडून येणाऱ्या स्लाइसला ‘ग’ म्हणावे. आता ‘ख’चा शेवटचा आकडा छापला तर १० यायला हवा, पण येतो २०, कारण क्षमतेत एक जागा मोकळी असल्याने दोन्ही वेळा भर एकाच जागी पडली. क्षमता ३ असती तर प्रत्येक वेळी नवी जागा घेतली गेली असती आणि उत्तर अपेक्षेप्रमाणे आले असते. म्हणजे कोड तोच, पण त्याचा अर्थ त्या ओळीवर न दिसणाऱ्या एका आकड्यावर अवलंबून आहे. हे वेगासाठी जाणूनबुजून केले आहे हे मान्य करूनही मी याला दोषच म्हणतो.

दुसरा सांधा मला प्रत्यक्ष कामात भेटला. आमची एक सेवा मधूनच ‘चूक झाली’ अशी नोंद करत असे आणि त्या चुकीचा तपशील म्हणून पुढे ‘निल’ छापत असे. चूक आहे आणि चूक निल आहे, दोन्ही एकाच ओळीत! अख्खी दुपार गेली तरी आम्हाला ताकास तूर लागेना. घडले होते ते असे: इंटरफेस प्रकारच्या, म्हणजे निरनिराळ्या टाइपची मूल्ये धरू शकणाऱ्या, व्हेरिएबलमध्ये टाइप आणि मूल्य अशी जोडी साठवलेली असते आणि दोन्ही रिकामी असतील तरच ते व्हेरिएबल निल मानले जाते. आमच्या फंक्शनने स्वतःच्या चूक-टाइपचा निल पॉइंटर, म्हणजे कुठेच न दाखवणारा पत्ता, परत केला होता. मूल्य रिकामे होते, टाइप मात्र भरलेला होता, म्हणून निलशी केलेली तुलना ‘समान नाही’ असे सांगत होती. पॉइंटरचा नियम सरळ आहे आणि इंटरफेसचाही सरळ आहे. सांधा तेवढा वाकडा आहे.

चुका हाताळण्याच्या पद्धतीवरून भाषेविषयी काय कळते?

भाषा कोणावर विश्वास टाकते ते कळते. पायथनमध्ये कोणत्याही ओळीतून एक्सेप्शन, म्हणजे नेहमीचा प्रवाह तोडणारी चूक, उसळू शकते, आणि ओळ वाचून ते कळत नाही. गोमध्ये चूक हे एक साधे मूल्य आहे. फंक्शन उत्तराबरोबर ते परत करते आणि बोलावणाऱ्याने ‘एरर निल नाही ना?’ असे तपासायचे असते. पाच कामे करणाऱ्या फंक्शनमध्ये ही तीन ओळींची तपासणी पाचदा येते आणि मूळ काम तिच्यात हरवल्यासारखे दिसते. नवख्यांची ही हमखास तक्रार असते. मला स्वतःला कालांतराने ती पुनरुक्ती डाचेनाशी झाली, कारण दुसऱ्याचा कोड रात्री अकरा वाजता वाचताना प्रत्येक परतीची वाट डोळ्यांपुढे असणे फार उपयोगी पडते.

माझा आक्षेप निराळा आहे आणि तो फार कोणी घेत नाही. न वापरलेले एक क्षुद्र व्हेरिएबल राहिले तर जो कंपायलर प्रोग्राम बांधायलाच नकार देतो, तोच कंपायलर एखाद्या फंक्शनने परत केलेली चूक कुठेही न साठवता सोडून दिली तर अवाक्षर काढत नाही. फाइल बंद करताना आलेली चूक अशी सर्रास वाऱ्यावर सोडलेली दिसते. शिस्त हवी की मोकळीक, हे भाषेने ठरवावे. पण चिल्लर बाबतीत कडक आणि महत्त्वाच्या बाबतीत उदार, हे तर्कट मला उमगलेले नाही. रस्ट या भाषेत अशा दुर्लक्षित निकालाबद्दल कंपायलर निदान इशारा देतो.

गोच्या मंडळींनी ही पुनरुक्ती कमी करण्याचे प्रयत्न केले. २०१८ आणि २०१९ मध्ये तशा सूचना मांडल्या गेल्या व मागे पडल्या, आणि जून २०२५ मध्ये यासाठी वाक्यरचनेत बदल करण्याचा नाद तूर्त सोडत असल्याचे त्यांनी जाहीर केले. सर्वांना पटेल असा बदल सापडत नसेल तर बदलच न करणे, हाही रचनेतला निर्णय असतो.

वाक्यरचनेला, म्हणजे कंस आणि अर्धविराम यांना, किती महत्त्व द्यावे?

थोडेच द्यावे, पण नियमाचे कारण विचारावे. गोमध्ये उघडणारा महिरपी कंस त्याच ओळीवर हवा. पुढच्या ओळीवर घेतला तर प्रोग्राम कंपाइल होत नाही. हा कोणाचा तरी हट्ट वाटतो, परंतु ओळीच्या शेवटी अर्धविराम आपोआप घालण्याचा जो नियम आहे, त्याचा हा परिणाम आहे. जावास्क्रिप्टही अर्धविराम आपोआप घालते. तिथे मात्र तो पडेल की नाही हे पुष्कळदा पुढच्या ओळीत काय आहे त्यावर ठरते, आणि रिटर्न लिहून ओळ मोडली तर पुढच्या ओळीवरचे उत्तर गुपचूप गळून पडते. गोचा नियम फक्त ओळीतील शेवटचे पद पाहतो, आणि मोडला तर लगेच ओरडतो.

एखादी सोय भाषेत नसणे हा दोष धरावा का?

ती सोय भाषा स्वतःसाठी राखून तुम्हाला नाकारत असेल, तर धरावा. गोमध्ये मॅप, स्लाइस आणि चॅनल हे कोणत्याही टाइपसाठी चालणारे प्रकार सुरुवातीपासून होते, पण तसाच प्रकार आपण स्वतः घडवायचा म्हटले तर मार्ग नव्हता. जेनेरिक्स, म्हणजे असे प्रकार स्वतः घडवण्याची सोय, मार्च २०२२ मध्ये १.१८ या आवृत्तीत आले. सुरुवातीची काही वर्षे तर एखादी यादी क्रमाने लावण्यासाठी लांबी, तुलना आणि अदलाबदल अशी तीन फंक्शने स्वतः घडवलेल्या दर टाइपसाठी हाताने लिहावी लागत. ग्रंथपालाला स्वतःकडे शिडी असावी आणि वाचकाला मात्र वरच्या फळीवरचे पुस्तक उडी मारून काढायला सांगावे, तसा हा प्रकार होता. वारसा पद्धतीचे क्लास गोमध्ये नाहीत, पण ते भाषेच्या आतही कुठे नाहीत, म्हणून त्यांचे नसणे मला दोष वाटत नाही.

भाषा स्वतःच्या चुका कशा सुधारते, हेही पाहावे का?

अवश्य. पायथनने २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आणताना जुना कोड मोडण्याचा धाडसी निर्णय घेतला आणि दुसऱ्या आवृत्तीचा अधिकृत आधार २०२० च्या आरंभापर्यंत चालू ठेवावा लागला. गोने २०१२ मध्येच वचन दिले की पहिल्या आवृत्तीसाठी लिहिलेला कोड पुढेही चालत राहील. तरीही फॉर-लूपच्या व्हेरिएबलची एक कुप्रसिद्ध चूक सुधारायची होती: सर्व फेऱ्यांत एकच व्हेरिएबल वापरले जाई, त्यामुळे लूपमध्ये सुरू केलेल्या गो-रूटीन बहुधा सगळ्या शेवटचेच मूल्य छापत. फेब्रुवारी २०२४ मधील १.२२ आवृत्तीपासून प्रत्येक फेरीला नवे व्हेरिएबल मिळते, पण ज्या प्रकल्पाच्या गो-मॉड या माहिती-फाइलमध्ये १.२२ किंवा त्यापुढची आवृत्ती लिहिली आहे तिथेच. वचनही राहिले, चूकही सुधारली. आणखी एक बारकावा मला आवडतो. मॅपमधील घटक कोणत्या क्रमाने येतील याची हमी भाषा देत नाही, आणि कोणी त्या क्रमावर विसंबू नये म्हणून तो मुद्दाम बदलता ठेवला आहे. ज्याची हमी नाही त्याची सवयच लागू द्यायची नाही, ही खरी दूरदृष्टी आहे.

भाषेची लोकप्रियता आणि मिळणाऱ्या नोकऱ्या यांचा विचार करावा का?

भाषा शिकावी की नाही, यासाठी करावा. रचना पारखण्यासाठी त्याचा उपयोग नाही.

मराठी मजकूर आणि मराठी नावे यांच्या कसोटीवर गो कशी उतरते?

मजकुराच्या बाबतीत प्रामाणिक, नावांच्या बाबतीत अपुरी. पाइक आणि थॉम्प्सन यांनीच १९९२ मध्ये यूटीएफ-८ ही जगातील लिप्यांची चिन्हे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत आखली होती, त्यामुळे गोचा सोर्स कोड पहिल्यापासून यूटीएफ-८ मध्ये असतो. ‘स्त्री’ या शब्दाची लांबी विचारली तर गो १८ सांगते, कारण ती बाइट मोजते. त्यातील युनिकोड चिन्हे मोजायला सांगितली तर ६ येतात: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. आपल्याला दिसते ते एकच जोडाक्षर. पायथन सरळ ६ सांगते. कोणतेही उत्तर वाचकाच्या १ शी जुळत नाही. फरक इतकाच की गो आपण बाइट मोजतो आहोत हे लपवत नाही, तर पायथनचे ६ हे अक्षरांच्या संख्येसारखे दिसून फसवते.

नावांचे मात्र निराळे आहे. गोच्या नियमानुसार व्हेरिएबलच्या नावात युनिकोडची अक्षरे आणि अंक चालतात, पण जोडचिन्हे चालत नाहीत, आणि आपली काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी युनिकोडच्या लेखी जोडचिन्हे आहेत. या नियमामुळे देवनागरीसारख्या लिप्या बाहेर पडतात, हे गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतही मान्य केलेले आहे. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत आणि जावामध्ये ‘नाव’ हे व्हेरिएबल बिनतक्रार चालते. शिवाय गोमध्ये पॅकेजबाहेर दिसणाऱ्या प्रत्येक नावाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीतले असावे लागते, आणि देवनागरीत लहान-मोठी अक्षरेच नसल्याने आपले कोणतेही नाव पॅकेजबाहेर पडू शकत नाही. मोठ्या अक्षराची ही युक्ती मला शिकताना फार चतुर वाटली होती, कारण कोणते फंक्शन सार्वजनिक आणि कोणते खाजगी हे ते बोलावतानाच दिसते. एका लिपीचा गुणधर्म सर्व जगाचा मानला गेला आहे, हे ध्यानात यायला मला एक छोटा हिशेबाचा प्रोग्राम मराठीत लिहून पाहावा लागला. त्यात ‘दर’, ‘नग’ आणि ‘वय१’ ही नावे कंपायलरने मुकाट्याने घेतली. ‘नाव’, ‘किंमत’ आणि ‘रक्कम’ या तिन्हींवर तो अडला.